माजघरात काटा वळतो

२ नोव्हेंबर, रविवार
कंबर मोडली. सकाळपासून घरातलं सगळं सामान उठवून फिरवलं. मयुरी काल शहापूरहून आली ती फेंगशुई शिकूनच. पोरीला मोबाईलच्या दुकानात नोकरी लागली, तर गिऱ्हाईक नसलं की व्हिडिओ बघते आणि रविवारी येऊन माझ्यावर प्रयोग करते. घराच्या दिशा चुकल्यात म्हणून मला झोप लागत नाय, असं तिचं म्हणणं. म्हटलं बये, तुझा बाप जाऊन सव्वा वर्ष झालं म्हणून झोप लागत नाय. तर म्हणे, "तेच गं आई, एनर्जी अडकलीय."

माजघरात लादीवर फोन ठेवला. त्यात होकायंत्र. काटा डुलला, थांबला, आणि आमचं दार म्हणे ईशान्येला! लग्न होऊन टोकावड्याला आले तेव्हापासून बघतेय, सूर्य समोरच्या दारातून आत येतो. तो काय ईशान्येला उगवतो? मयुरी म्हणाली, "सूर्य सरकतो. थंडीत तर जास्तच. काटा नाय सरकत." असेल बाई. आपण दहावी, ती बी.कॉम.

जन्मसालावरून माझा नंबर काढला. पश्चिमवाली निघाले. डोकं पश्चिमेला पायजे. आता काट्याची पश्चिम धरायची तर पलंग ना ह्या भिंतीला ना त्या भिंतीला, माजघरात तिरका. एव्हाना दोनदा गुडघा फुटलाय.

सासूबाई पडवीतून ओरडल्या, "अगो, उत्तरंला डोकं गेलं तिचं! मढं हाय का ती?" मयुरी म्हणाली, "आजी, ही पश्चिम आहे." "मला शिकवतेस? अर्धी तरी उत्तर झालीच. उत्तरंला डोकं कोनाचं करतात ते ठाव नाय तुला?" ठाव आहे. सगळ्यांनाच ठाव आहे. ह्यांना पडवीत तसंच ठेवलं होतं.

मी पलंग का हलवू दिला ते इथंच लिहिते. मयुरीला विचारलं होतं, ह्यानं सपनं पडतात का गो? म्हणाली, चांगली पडतात. नायतर झाडूनं हाकलली असती तिला.

४ नोव्हेंबर, मंगळ
ब्लाउज ३ झाले. चौथ्याची बाही उलटी लावली, उसवली.
पडलं नाय सपन. पलंग तिरका, मी तिरकी, पण नाय.

माहेराहून, वैशाखऱ्याहून, वहिनीचा फोन. "ताई, दाजी परत आले होते सपनात." ही तिसरी का चौथी वेळ. घरभर फिरले, माळ्यावर डोकावले, मागच्या पडवीत गेले. ती म्हणाली, काय शोधताय दाजी? तर काय बोलले नाय. तोंड उतरलेलं होतं म्हणे.

मी फोन ठेवला न् देवासमोर बसून रडले, लाज वाटली तरी रडले. माझ्या भावाच्या बायकोच्या सपनात जातात. तिला तोंड दाखवतात. मी कोण मग? आषाढात घाटात ह्यांचा टेम्पो दरीत गेला, दोन दिवसांनी गुंडाळून आणलं, सगळे म्हणाले सुरेखा, तोंड उघडं करायला लावू नको, आहे ते डोळ्यापुढं राहू दे. काय राहिलं डोळ्यापुढं? पांढरं कापड. एकवीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याचं तोंड आता मला फोटो बघितल्याशिवाय आठवत नाय. नाक आठवतं, मिशी आठवते, जोडून आठवत नाय.
एकदा यावं. माझ्याकडं बघावं. बोलले नाय तरी चालेल.

९ नोव्हेंबर, रविवार
आज दुसरा हप्ता. मयुरीनं पिशवीतून काढलं ते असं: काचेच्या बरणीत बांबूचे दोन कोंब. अख्खा डोंगर पडलाय बांबूचा दारात, आणि ही विकत घेऊन आली! एक हसणारा ढेरपोट्या म्हातारा. आणि दाराला टांगायच्या नळ्यांच्या घंट्या.

कपाटाचा आरसा पलंगासमोर येतो म्हणून त्यावर जुनी चादर टाकली. चूल, म्हणजे गॅस, इकडचा तिकडं. मग म्हणाली, "बाबांचा फोटो झोपायच्या जागी नको गं. गेलेल्या माणसाचा चालत नाय."

मी म्हटलं, हात लाव, हात तोडीन.
डोळे भरले तिचे. मग मलाच कसंतरी झालं. बापाविना पोर, आईला बरं वाटावं म्हणून रविवार घालवतेय. म्हटलं कुठं लावायचाय तो लाव. तर दक्षिण हवी, आणि काट्याची दक्षिण नेमकी कोपऱ्यात. कोपऱ्यात फोटो कसा टांगणार? शेवटी शिलाई मशीनच्या वर लावला. आता मशीन मारताना मान वर केली की समोर हे. बरंच झालं एका अर्थी.

घंट्या मात्र सासूबाईंनी तासाभरात काढल्या. खुर्चीवर चढल्या, ह्या वयात! गुडघे धरलेले, चढल्या. म्हणाल्या, "संध्याकाळच्याला दारात किणकिण नको. कशाला हाका मारायच्या कोनाला?"
"कोणाला हाका, आई?"
"कोनाला नाय. वाऱ्याला." आणि घंट्या चुलीमागं टाकून दिल्या.

१३ नोव्हेंबर, गुरु
थंडी सुरू. भात झोडून झालं, पेंढा रचला. सा.बा. अजून पडवीत झोपतात. आत चला म्हटलं तर उकडतं म्हणे. उकडतं! मला दोन गोधड्या लागतात. हे गेल्यापासूनच पडवी धरलीय त्यांनी, पावसात सुद्धा शिंतोडे अंगावर घेत झोपल्या. मयुरी पण मागं लागली होती, आजीची जागा आतल्या कोपऱ्यात हवी म्हणून. चिनी माणसाला सांग म्हणाल्या, म्हातारी मेल्यावर हलव.

पहाटे पाणी तापवायला उठले तर बाहेर बोलणं. दार लोटलेलं. सा.बा.च. "जेवलास का रे... नाय, नाय ती... जा तू आता, उजाडलं." मी दार उघडलं तर डोळे मिटून पडलेल्या. झोपेत बोलतात. वय झालं, दुसरं काय. पण मला ते "जेवलास का रे" दिवसभर सुटेना. ह्यांना असंच विचारायच्या, टेम्पो लावून आले की.

काळूचं पण काय चाललंय कळत नाय. दिवेलागणीला रस्त्यापर्यंत जातो, शेपूट हलवत परत येतो, कुणाबरोबर यावं तसा. उंबऱ्यापाशी थांबतो. कण्हतो. मग पडवीत सा.बा.च्या पायाशी जाऊन बसतो.
मनाला लावून घ्यायचं नाय. कुत्रं आहे ते.

१६ नोव्हेंबर, रविवार
अक्षर वाचता येईल का माहीत नाय.

सकाळी मयुरी अंगणात फोन घेऊन उभी. मला हाक मारली. "आई, इथं दार पूर्वेला दाखवतंय." म्हटलं, दाखवणारच, पूर्वेलाच आहे. ती आत आली, लादीवर फोन ठेवला. ईशान्य. बाहेर गेली, पूर्व. फोन हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवला, तसं केलं की सुधारतो म्हणे. परत आत. ईशान्य. शहापूरहून आणलेलं छोटं होकायंत्र काढलं. तेपण फसलं.

मग ती खाली बसली, फोन लादीवरून हळूहळू सरकवत गेली. भिंतीकडं नेला, काटा ठीक. मधे आणला, वळला. दाराच्या आतल्या अंगाला, उंबऱ्यापासून तिसरी लादी, तिच्यावर ठेवला आणि काटा जो फिरला तो थेट फिरला. "आई, खाली लोखंड आहे काहीतरी. अख्खं घर चुकीचं लावलं मी!" हसायलाच लागली पोर.

त्या लादीचा रंग जरा वेगळा आहे. मला माहीत होतं. हे गेल्यावर बाराव्यानंतर भाऊ मला वैशाखऱ्याला घेऊन गेला, महिनाभरानं आले तेव्हा ती बदललेली. सा.बा. म्हणाल्या होत्या, पाटा पडून फुटली. तेव्हा मला लादीचं काय सुतक होतं?

मयुरी नखानं सांधा उकरायला लागली आणि सा.बा. पडवीतून आत धावल्या. धावल्या! "सोड ती! हात नको लावू तिला!" पोर घाबरून मागं पडली. मी सा.बा.कडं बघितलं. त्या माझ्याकडं बघेनात.
मी मागून पहार आणली. लादी लगेच निघाली, खाली माती भुसभुशीतच होती.

लाल फडकं, कुजलेलं. वाळून काळं पडलेलं लिंबू. आणि नांगराचा फाळ. आमचाच. टेम्पो घ्यायच्या आधी हे ह्याच फाळानं नांगरायचे. टोक एका बाजूनं झिजलंय, ह्यांचा हात तिकडं कलायचा म्हणून. मी ओळखला, लगेच ओळखला.

"आई, हे काय?"
सा.बा. भिंतीला टेकून खाली बसल्या. "मंत्रानं घर बांधून घेतलं. भगताकडनं. बाहेरचं कोन आत येऊ नये म्हनून."
"कोणापासून?"
त्यांनी मशीनवरच्या फोटोकडं बघितलं.

१७ नोव्हेंबर, सोम
लादी परत बसवली. फाळ खालीच. हात लावायचं धाडस झालं नाय, खरं सांगायचं तर.
मयुरी पहिल्या एसटीनं गेली. जाताना माझा हात सोडत नव्हती.
सा.बा.शी बोलले नाय. चहा ठेवला त्यांच्या पुढ्यात, आदळलाच म्हणायचा. घेतला त्यांनी.

मी समजत होते माझ्यावर राग धरलाय ह्यांनी, विसरले मला. आणि दाराशी लोखंड पुरून ठेवलेलं! यायचं कुठून माणसानं?

१८ नोव्हेंबर, मंगळ
आज बोलल्या. मी कपडा कापत होते. उंबऱ्यावर येऊन बसल्या, आत पाय न टाकता.
"भगत म्हनला, ज्याच्या हातचं लोखंड त्याला ते ओलांडवत नाय. म्हनून त्याचाच फाळ घातला."
म्हटलं, "पोटचा पोरगा तुमचा. कुत्र्याला पण घरात घेतात."
"पोटचा हाय म्हनूनच मला ठाव. त्याचा जीव कोनात होता? माझ्यात नव्हता, पोरीत पन नव्हता तेवढा. तुझ्यात होता. असा रस्त्यात गेलेला मानूस एकटा ऱ्हात नाय गो. आवडतं मानूस न्हेतो. तू तेव्हा अन्नाला शिवत नव्हतीस, हाक मारली असती तर चालत गेली असतीस. गेली असतीस का नाय, सांग."
कात्री ठेवली मी. गेले असते.
"माझा एक गेला. सून पन देऊ? मग पोरीचं काय?"

मग म्हणाल्या ते ऐकून मी कापड तसंच टाकून मागच्या दारी गेले. लिहिते, कारण कोणाला तरी सांगायला हवं. म्हणाल्या, "तो येतो पडवीत. सपनात येतो माझ्या. बाहेर त्याला अडवनूक नाय. पायरीवर बसतो, तुला इचारतो. रोज इचारतो. सुरेखा कुठाय?"
"आणि तुमी?"
"मी सांगते, म्हायेरी गेलीय."

वैशाखऱ्याला. माळ्यावर, मागच्या पडवीत. काय शोधताय दाजी.
देवा. सव्वा वर्ष माणूस टोकावड्याहून वैशाखऱ्यापर्यंत फिरतोय मला शोधत, आणि मी इथं माजघरात, पलंग तिरका करून.

२० नोव्हेंबर, गुरु
ब्लाउज २. परकर १. मशीनवर बसले की समोर फोटो. "मी घरीच आहे हो," असं तोंडातून गेलं आज. मोठ्यानं.
सासूबाईंचा राग येतो, इतका येतो की भांडी घासताना आपटते. आणि मग बघते तर पडवीत गारठ्यात मुटकुळं करून पडलेली म्हातारी. तिनंच त्याला दाराबाहेर ठेवलं आणि त्याच्यासोबत स्वतःपण बाहेर राहिली, थंडी-पावसात. हिला काय म्हणायचं? शिवी पण सुचत नाय.

दुपारी गरम पाण्याची पिशवी नेऊन दिली. पायाशी ठेव म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार
मयुरीला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. एनर्जी, काटा, नंबर, ह्याच्यात ती हुशार. पण ती पांढरी पडली.
म्हटलं, मी फाळ काढणार आहे. बाप आहे तो तुझा, भूत-बित नाय. एकदा तोंड बघायचंय मला.
"आई, नको."
"तुझा कुठं विश्वास आहे असल्यावर? तूच म्हणालीस, भगत-बिगत सगळं खोटं."
"नाय विश्वास. पण नको काढू." आणि माझ्या मांडीत डोकं घालून रडली, सातवीतल्या पोरीसारखी. "बाबा आले आणि तू गेलीस तर? मी कोणाकडं यायचं रविवारी?"

तिच्या केसांतून हात फिरवत बसले. तेल नाय लावत ही पोर. नाय जाणार म्हणाले. पण ते म्हणताना मला स्वतःचाच भरवसा वाटला नाय, आणि तिला ते कळलं. आईचं खोटं पोरींना कळतंच.

फाळ नाय काढला. संध्याकाळी सा.बा.ना एवढंच म्हटलं, "आज आले तर खरं सांगा. म्हणावं, आहे ती. घरातच आहे. वैशाखऱ्याला जाऊ नका."
सा.बा. खूप वेळ पानाचा चुना खरवडत बसल्या. मग "बरं" म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर, सोम
मयुरी गेली नाय कामावर. पोटात दुखतं असं दुकानात कळवलं.
सा.बा. सकाळी चहा घ्यायला आल्या नाय. मी कप घेऊन बाहेर गेले. बसलेल्या, पायरीकडं बघत.
"आलते?"
मान हलवली.
"सांगितलंत?"
"सांगितलं. म्हायेरी नाय, आत हाय, म्हटलं. उठलाच पायरीवरनं. मला वाटलं, रागं भरून जातो आता." चहा हातात तसाच. "मग हसला गो. कवाचा हसला नव्हता. म्हनला, मग बोलाव की बाहेर."

कप मी परत घेतला त्यांच्या हातून, सांडत होता.
मयुरी दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं.

२५ नोव्हेंबर, मंगळ
दिवस कसा गेला सांगता येत नाय. ब्लाउजची काजं करायला घेतली, एक धड झालं नाय. वहिनीचा फोन: दोन रात्री दाजी आले नायत सपनात, बरं आहे ना सगळं? म्हटलं, बरं आहे.

दोघींशी धड बोलणं नाय. मयुरी मी पाणी भरायला गेले तरी मागं. परसात गेले तरी मागं. "मी काय पळून चाललेय काय गो?" म्हणून ओरडले, तर "मला काय माहीत" म्हणाली. भांडलो. मग दोघींनी बसून वालाची भाजी निवडली.

आता उन्हं गेलीत. सासूबाईंनी पडवी झाडली, शेणानं सारवली. पेटीतून माझी लग्नातली गोधडी काढली, कधी काढली कळलं पण नाय मला. पडवीत दोन गोधड्या घातल्या. त्यांची पायरीकडं, माझी भिंतीच्या अंगाला. म्हटलं, आई, हे काय?
"मी आज हाय, उद्या नाय. मग त्याला तुझं कोन सांगनार?" खाली वाकूनच बोलत होत्या, गोधडीचा कोपरा ओढत. "बघ तोंड एकदाचं. पन माझी पायरीकडं असू दे. न्हेयाचंच झालं तर आधी माझ्यावरनं यावं लागंल त्याला. मी सांगते त्याला, मला म्हातारीला ने."

मी तिथंच खाली बसले. त्यांचे पाय धरले. गार होते.

आत आले तर मयुरी तो पलंग ओढतेय. एकटीच, दात-ओठ खाऊन. दारात आडवा लावला, उंबऱ्याला चिकटवून, आणि त्यावर जाऊन पडली, अंगावर चादर घेऊन, तोंड माझ्याकडं करून. फोन तिकडं मशीनवर पडलाय. डोकं कुठल्या दिशेला केलंय ते बघितलं पण नाय पोरीनं.
"आई, माझ्यावरून जाशील?"
दिव्यात तेल घालायचं आहे. बाहेर सासूबाई उशी थोपटतायत. पोर डोळे मिटायला तयार नाय.
फक्त तोंड बघायचंय मला. उठते.